अदृष्ट : दैवाकडून दायित्वाकडे

१

‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ हे दोन शब्द मराठीत आता शालेय पाठ्यपुस्तकापासून वृत्तपत्रापर्यंत सर्वत्र रुळले आहेत. दोहोंच्या अंती ‘अणू’ आहे. वास्तविक पदार्थविज्ञानातील अणूशी जीवाणूचे काही विशेष नाते नाही. एकाच जीवाणूच्या देहात अब्जावधी अणू सामावलेले असतात. या शब्दांत ‘अणू’चा अर्थ ‘अतिसूक्ष्म’ एवढाच आहे. तरीही भाषेने घातलेली ही सांगड अर्थशून्य मानता येत नाही. रसायनशास्त्रातील अणू आणि रोगविज्ञानातील जंतू यांनी एकोणिसाव्या शतकात माणसापुढे एकच गोष्ट दोन बाजूंनी मांडली. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाची कारणे डोळ्यांना न दिसणाऱ्या जगात आहेत, ही ती गोष्ट होय.

ही कल्पना स्वतः नवी नव्हती. भारतीय परंपरेत तिच्यासाठी एक सिद्ध शब्द होता : ‘अदृष्ट’. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘न दिसलेले’, रूढीने ‘दैव’. न दिसणारे आणि नियतीचे यांच्यात या शब्दाने जो अभेद मानला होता, तो सूक्ष्मदर्शकाने मोडला. या घटनेचे नेहमीचे वर्णन ‘श्रद्धेच्या जागी विज्ञान आले’ असे केले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. अदृष्ट ही केवळ कारणमीमांसा नव्हती, ती एक नैतिक व्यवस्थाही होती. दुःख कोणाला झाले आणि त्याचा दोष कोणाकडे जातो, याचा हिशेब ती ठेवीत असे. अदृष्टाचा ताबा कर्मसिद्धान्ताकडून प्रयोगशाळेकडे गेला तेव्हा या हिशेबाचे काय झाले, हा येथे विचारावयाचा प्रश्न आहे.

२

वैशेषिक दर्शनात परमाणू आणि अदृष्ट एकत्रच नांदतात. पदार्थाचे विभाजन अनंत मानले तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोहोंचे अवयव सारखेच अनंत ठरतील व त्यांच्या आकारातील भेदाला आधार उरणार नाही. म्हणून विभाजनाला अंत हवा, आणि तो अंत म्हणजे परमाणू, असे हे अनुमान आहे. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणारा त्रसरेणू हे दृश्याचे शेवटचे टोक; त्याच्या अलीकडचे सारे अनुमेय. मात्र परमाणूंना पहिली गती कशाने मिळाली, या प्रश्नाला कणादसूत्रांचे उत्तर ‘अदृष्टाने’ असे आहे. अग्नीचे ऊर्ध्वज्वलन, वायूचे तिर्यक् वहन, सुईचे चुंबकाकडे सरकणे यांचाही निर्वाह तेथे अदृष्टानेच केलेला दिसतो. पुढे प्रशस्तपादांच्या भाष्यात हे अदृष्ट जीवात्म्यांच्या धर्माधर्माशी एकरूप झाले. विश्वाची यंत्रणा चालविणारी शक्ती आणि माणसाच्या पापपुण्याचा संचय या दोन गोष्टी एका शब्दात मिळाल्या, आणि भौतिक घटना वाचली की तिच्यातून नैतिक अर्थ निघू लागला.

याचा सर्वांत कठोर परिणाम रोग्याच्या वाट्याला आला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात देहावरील व्यंगे आणि व्याधी ही पूर्वपातकांची चिन्हे म्हणून सांगितली आहेत. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्यप्याचे दात काळवंडतात, गुरुतल्पगामी त्वचारोगी होतो आणि ब्रह्महत्या करणारा क्षयी होतो. क्षयाने खंगणारा मनुष्य अशा रीतीने आपल्याच अपराधाचा पुरावा ठरतो. आयुर्वेदाची दृष्टी याहून व्यापक होती, हे नमूद केले पाहिजे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात अग्निवेश अत्यंत मर्मग्राही प्रश्न विचारतो : प्रकृती, आहार, बल, वय यांत भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी मरतात? आत्रेय त्याचे उत्तर सर्वांना समान असलेल्या वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टींच्या बिघाडात शोधतात. येथवर विवेचन पूर्णतः लौकिक आहे. परंतु हे चारही का बिघडतात, असे विचारल्यावर उत्तर येते : अधर्मामुळे. देश आणि नगर यांचे प्रमुख धर्म सोडतात, म्हणून. दोष व्यक्तीकडून राज्यकर्त्यांकडे सरकला, ही लहान गोष्ट नव्हे; पण रोगाच्या मुळाशी कोणाचा तरी अपराध असलाच पाहिजे, हे गृहीतक अबाधित राहिले.

हे गृहीतक केवळ भारतीय नव्हते. सोफोक्लीसच्या ‘इडिपस’ नाटकात थीब्झ नगरीत साथ येते, ती कोणाच्या तरी पातकाने नगरी विटाळली म्हणून. अपराधी सापडला की साथ हटणार. साथीच्या मागे एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीला नायक आहे, या विश्वासावरच त्या नाटकाची सारी रचना उभी आहे.

३

इ. स. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात घडलेला प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. नीतिविचारात मात्र त्याला मिळावे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये सूतिकाज्वराने पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के माता दगावल्या, दुसऱ्यात तीन टक्क्यांहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या फरकाचा शोध घेत असताना, मार्च १८४७ मध्ये, त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारला. त्याच्या शवात दिसलेल्या खुणा मृत मातांच्या शवांतल्याच होत्या. विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिगृहात येत; सुईणी येत नसत. सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्यूचा आकडा जूनमध्ये दोनच्या आसपास आला.

सेमेलवाइसला जंतू ठाऊक नव्हते. तो ‘शवकणां’विषयी बोलत होता. पण नैतिक विचाराच्या दृष्टीने जंतुशास्त्राचा आरंभ येथेच होतो. त्याच्या शोधाने सिद्ध झाले ते असे की, वाचविण्याच्या हेतूने पुढे झालेला हातच मारीत होता. हेतू निर्मळ होता, कौशल्य होते, श्रम होते. आणि परिणाम मृत्यू हा होता. शवविच्छेदनात स्वतः इतरांहून अधिक वेळ घालविलेल्या सेमेलवाइसने आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे परमेश्वरालाच ठाऊक, अशा आशयाची कबुली लिहून ठेवली. कील येथील प्रसूतितज्ज्ञ मिखाएलिस याने हा सिद्धान्त स्वीकारला. स्वतः तपासलेली एक नातलग स्त्री याच ज्वराने गेली होती, ही आठवण त्याला सोसवली नाही, आणि १८४८ मध्ये त्याने आत्महत्या केली. ज्यांनी सिद्धान्त नाकारला त्यांच्या नकारात व्यावसायिक अहंकार होताच. परंतु तो स्वीकारण्याची किंमत काय होती, हेही मिखाएलिसच्या मरणातून कळते.

प्राचीन व्यवस्थेत अज्ञानाने घडलेल्या कृत्यालाही पातक मानण्याची सोय होती, इडिपस हे त्याचेच उदाहरण. आधुनिक नीतिविचाराने, विशेषतः कांटने, नैतिक मूल्य संकल्पात ठेवले आणि माणसाला या भयातून सोडविले. जंतूने तिसरीच स्थिती निर्माण केली. न जाणता केलेल्या कृत्याबद्दल मनुष्य अपराधी नाही. पण जाणल्याच्या क्षणापासून, हेतू कितीही शुद्ध असला तरी, न धुतलेल्या हाताबद्दल तो उत्तरदायी आहे. अपराध मागे पाहतो, उत्तरदायित्व पुढे पाहते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा ब्रह्महत्येचे ते जुने फळ एका क्षणात रोग्याच्या खात्यातून वजा झाले. त्याच वेळी एक नवे देणे मात्र सर्वांच्या खात्यावर चढले : हवेशीर घराचे, थुंकीच्या व्यवस्थेचे, दुधाच्या शुद्धतेचे. अदृष्टाने रोग्याला त्याचे पूर्वकर्म विचारणे थांबविले आणि शेजाऱ्याला त्याचे आजचे कर्म विचारण्यास सुरुवात केली. विश्वदृष्टीत झालेला खरा पालट हा आहे.

येथे असा आक्षेप संभवतो की, रुग्णसेवेची प्रेरणा बौद्ध आणि भक्तिपरंपरेत होतीच. तिच्यासाठी जंतुशास्त्राची वाट पाहावी लागली नाही. आक्षेप योग्य आहे. तथापि करुणा आणि दायित्व यांत भेद आहे. करुणा हे देणाऱ्याचे औदार्य असते, ते न दाखविणाऱ्यावर दोष येत नाही. दायित्व हे घेणाऱ्याचे येणे असते.

४

महाराष्ट्रात या पालटाला एका विशिष्ट प्रतिवादाशी सामना करावा लागला. अदृश्य अशुद्धतेची कल्पना येथे आधीच अस्तित्वात होती आणि ती अत्यंत तपशीलवार होती. सोवळेओवळे, स्पर्शास्पर्श, विटाळ यांचा सारा व्यवहार न दिसणाऱ्या दोषाच्या संक्रमणावर उभा होता. त्यामुळे ‘सोवळ्यामागे जंतुशास्त्रच होते’ हे समर्थन सोपे झाले आणि ते आजही ऐकू येते. दोन्ही व्यवस्थांत अदृश्य आहे, स्पर्श आहे, स्नान आहे. म्हणून त्या एक आहेत, असा हा युक्तिवाद. तो तपासण्यासाठी दोन तळी पुरेशी आहेत.

कॉलऱ्याचा शोध घेत आलेल्या कॉख याला १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू सापडला. त्या तळ्याचे पाणी लोक पीत, त्यातच न्हात आणि कपडे धूत. त्यानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध व दही तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. जंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहता, माणसांनी ओंजळीने पाणी पिण्याने तळ्याचे काही बिघडले नव्हते. बिघडविण्याची क्रिया शुद्धीच्या नावाने झाली. दोन अदृष्टे येथे परस्परविरुद्ध निर्णय देतात, आणि म्हणून ती एक असू शकत नाहीत.

भेद नेमका कोठे आहे? पहिला भेद असा की, जंतू जन्म विचारत नाही. दुसरा असा की, जंतूचा दोष हाताला लागतो आणि हातावरून जातो. विटाळाचा दोष माणसाच्या असण्याला लागतो आणि कोणत्याही पाण्याने जात नाही. रेशमी कद दिवसेंदिवस न धुतला तरी सोवळाच राहतो, आणि नुकतेच धुतलेले सुती वस्त्र एका स्पर्शाने ओवळे होते, यातच त्या व्यवस्थेचे आरोग्याशी असलेले नाते उघड होते. तिसरा भेद प्रमाणशास्त्रीय आहे. जंतूविषयीचे विधान खोटे ठरू शकते. विटाळाविषयीचे विधान खोटे ठरण्याची तरतूदच नाही. ज्या अदृश्याची परीक्षा शक्य आहे तेच दायित्व निर्माण करू शकते. ज्याची परीक्षा अशक्य आहे ते केवळ सत्ता निर्माण करते.

५

परंतु विज्ञानाचे अदृष्ट सत्तेपासून मुक्त राहिले, असे म्हणण्यास इतिहास परवानगी देत नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग प्रकटला. त्याचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडलेला होता. पण त्याचा मार्ग सापडला नव्हता. उंदरावरील पिसवांमधून तो माणसापर्यंत येतो हे सिमाँ याने कराची येथे १८९८ मध्ये दाखविले, आणि तेही लगेच मान्य झाले नाही. पुण्यात १८९७ मध्ये रँड याच्या अधिकाराखाली घराघरांतून झालेल्या झडत्या, सोजिरांचा देवघरापर्यंतचा वावर, सामानाची जाळपोळ, माणसांची सक्तीची हलवाहलव हे सारे अर्ध्या ज्ञानाच्या बळावर चालले होते. जंतू खरा होता. पण त्याच्या नावाने दिलेल्या प्रत्येक आज्ञेला त्याचे समर्थन नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले वारल्या. अदृश्य एकच होते. त्याच्याशी जोडले जाण्याच्या दोन रीती होत्या : एकीत रोगी हा संशयित, दुसरीत तो येणेकरी.

जंतुशास्त्राने ‘वाहक’ ही एक नवी व्यक्तिरेखाही जन्माला घातली. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः निरोगी राहून विषमज्वर पसरविते, असे १९०७ मध्ये निष्पन्न झाले. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिला सोडण्यात आले. १९१५ मध्ये ती पुन्हा स्वयंपाक करताना सापडली, आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला एका बेटावर ठेवण्यात आले. तिच्यासारखे इतर वाहकही माहीत झाले होते. त्यांच्या वाट्याला एवढा दीर्घ बंदिवास आला नाही. गरीब, स्थलांतरित, एकटी स्त्री हे तिचे वर्णन जंतूच्या वर्णनात येत नाही. पण निर्णयात ते आले असावे अशी शंका राहते.

कुष्ठरोगाची कथा याहून बोलकी आहे. नॉर्वेत हान्सेन याने १८७३ मध्ये त्याचा जंतू पाहिला आणि पापाशी असलेले त्या रोगाचे नाते तत्त्वतः संपविले. त्याच हान्सेनने १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिच्या संमतीवाचून, दुसऱ्या रोग्याचा अंश टोचला. १८८० मध्ये न्यायालयाने त्याबद्दल त्याचे रुग्णालयातील पद काढून घेतले. पापातून सुटलेला रोगी प्रयोगाचे साधन होऊ शकतो, हा इशारा त्या निकालात आहे. आणि ज्ञान कायद्यापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हेही येथेच दिसते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून भारतातील व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले, ते २०१९ मध्ये.

६

अणूची वाट निराळी होती. तो बराच काळ कोणाच्याच नैतिक हिशेबात नव्हता. डाल्टनने १८०८ मध्ये मांडलेला अणू पुढे शंभर वर्षे अनेकांना केवळ सोयीची कल्पना वाटे. माख यासारखा विचारवंत तो मानावयास तयार नव्हता. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड चुळबुळ ब्राउनने १८२७ मध्ये पाहिली होती. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये तिचे गणित मांडले आणि पेराँ याने १९०८ पासूनच्या प्रयोगांत ते पडताळले. झरोक्यातील त्रसरेणूचे जुने अनुमान एका अर्थी येथे पूर्ण झाले, मात्र अदृष्टावाचून. कणांना हलविण्यासाठी आता कोणाच्या पापपुण्याची गरज नव्हती.

अणूने दुखविले ते प्रत्यक्षावरील विश्वासाला. रदरफर्डच्या १९११ मधील निष्कर्षानुसार अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या अतिसूक्ष्म केंद्रात आहे, उरलेला अणू जवळपास रिकामा. अणूच्या विघटनाच्या वार्तेने आपले सारे जग ढासळल्यासारखे वाटले, असे चित्रकार कांडिन्स्कीने १९१३ मध्ये लिहिले. एडिंग्टनने १९२८ च्या आपल्या ग्रंथात दोन मेजांचा दृष्टान्त दिला : एक हाताला लागणारे, भरीव, दुसरे विज्ञानाचे, बहुतांश पोकळीचे. जंतूने दृश्य जगामागे एक जास्तीचे जग उभे केले होते. अणूने दृश्य जगच परके केले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बने अणूलाही नीतीच्या कक्षेत आणले, पण उलट दिशेने. जंतूच्या बाबतीत हेतू चांगला असूनही हात मारीत होता. अणूच्या बाबतीत ज्ञान, हेतू आणि परिणाम ही तिन्ही शेकडो हातांत अशी वाटली गेली की, कोणाही एकाचा हात मारणारा ठरू नये. आणि जे वाचले त्यांच्या वाट्याला जुनेच अदृष्ट परत आले. किरणोत्साराच्या भयाने हिबाकुशांना विवाहात आणि नोकरीत टाळले गेले. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच पुन्हा विटाळाचे वाहक झाले. विज्ञानाने दिलेल्या अदृश्याभोवती विटाळाची वृत्ती आपोआप गोळा होते. तिला दूर ठेवण्याचे काम विज्ञान स्वतः करीत नाही.

७

साहित्याच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय? इडिपसच्या कथेत साथीला कर्ता होता. इब्सेनच्या ‘लोकशत्रू’ या १८८२ च्या नाटकात डॉ. स्टॉकमन याला गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे प्रयोगशाळेच्या अहवालावरून कळते. येथे अपराधी शोधावयाचा नसून पाणी आणणारे नळ बदलावयाचे आहेत, आणि नेमके तेच गावाला नको आहे. संघर्षाचे स्थान पापाकडून खर्चाकडे सरकले, ही नाट्यरचनेतीलही क्रांती होती. काम्यूच्या १९४७ मधील ‘प्लेग’ कादंबरीत हा प्रवास पुढे जातो. तेथील धर्मगुरू आरंभी साथीला शिक्षा म्हणून वाचतो. एका मुलाचे मरण पाहिल्यावर ते वाचन त्याला पूर्वीसारखे करता येत नाही. तारू या पात्राच्या विचारात तर वाहक असणे ही मानवाची सर्वसाधारण स्थिती होते आणि सावधपणा हेच शील ठरते. नायकाचे मोठेपण येथे एखाद्या कृत्यात नसून न थकता घेतलेल्या काळजीत आहे. अशा काळजीला कथानक देणे अवघड असते. अदृष्टाच्या पालटाने आधुनिक कथनापुढे उभी केलेली ही अडचण आहे.

एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. वैशेषिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. शब्दाला स्वतंत्र प्रमाण म्हणून स्थान दिले नाही. आधुनिक मनुष्य स्वतःला याच परंपरेतला समजतो. वास्तविक त्याने ना जंतू पाहिलेला असतो, ना अणू. त्याचा हात धुणे हे आप्तवाक्यावरच चालते. मग त्याचे अदृष्ट जुन्या अदृष्टाहून कशाने निराळे? पडताळणी शक्य आहे, हे उत्तर बरोबर आहे. पण शक्य कोणाला? डेल्फ्ट येथील लेवेनहूक हा लॅटिन न जाणणारा कापडव्यापारी होता. त्याने १६७६ मध्ये पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले, आणि हूकने १६७७ मध्ये स्वतः पाहून त्याची ग्वाही दिली. भिंगातून कोण पाहतो हा प्रश्न तेथे गौण ठरला. १८९७ च्या पुण्यात तो गौण नव्हता : ज्यांच्या घरांत शिरून झडती घेतली गेली त्यांना भिंगापाशी कोणी बोलाविले नाही. मार्च २०२० मध्ये बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला, तेव्हाही नाही.

अदृष्ट दैवाकडून दायित्वाकडे आले, हे विज्ञानाचे देणे खरे आहे. मात्र जे दिसत नाही त्याच्या नावाने दुसऱ्याला आज्ञा करण्यापूर्वी ते त्याला दाखविणे, निदान समजेल अशा भाषेत सांगणे आणि त्याची शंका ऐकून घेणे, हाही त्या दायित्वाचाच भाग आहे. तो वगळला की उरते ते पुन्हा जुनेच अदृष्ट, फक्त त्याच्या घागरीत आता शेण नसून औषध असते.